हिर्सुटम : एका केसाळ विशेषणाची कुळकथा

जालना जिल्ह्याच्या मातीत गेल्या पन्नास वर्षांत सर्वांत जास्त पेरला गेलेला लॅटिन शब्द कोणता, असा प्रश्न मला कोणी विचारला तर माझे उत्तर तयार आहे : हिर्सुटम. गॉसिपियम हिर्सुटम म्हणजे आपण ज्याला अमेरिकन कापूस म्हणतो ते पीक. भोकरदनपासून मंठ्यापर्यंत आणि जाफराबादपासून अंबडपर्यंत मृगात जी सरकी टोबली जाते, ती जवळजवळ सगळी या एका नावाची असते. कृषी पदविकेची मुले हे नाव पाठ करतात, बियाण्याच्या कागदपत्रांत ते छापलेले असते. त्याचा अर्थ मात्र कोणी विचारत नाही. नाव आहे, नावाला अर्थ कसला, असे आपण धरून चालतो.

पण हे नुसते नाव नाही. गॉसिपियम हे नाम आहे आणि हिर्सुटम हे त्याचे विशेषण. विशेषण म्हटले की त्याने विशेष्याबद्दल काही तरी सांगितले पाहिजे. ते काय सांगते, कोठून आले आणि त्याच्या शेवटी ‘अम’ का आहे, याचा शोध मी काही वर्षे माझ्या परीने घेतला. मी शिकलो वाणिज्य शाखेत. आयुष्यभर बियाण्यांच्या व्यवहारात हिशेब लिहिले. लॅटिन मला कोणी शिकवले नाही. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आणलेली एक इंग्रजी-लॅटिन प्रवेशिका आणि दोन कोश एवढेच माझे गुरुजी. पण मराठी आणि शाळेतले थोडे संस्कृत येणाऱ्या माणसाला लॅटिन जितके परके वाटायला हवे तितके वाटत नाही, हे मला या शोधात कळले. तेच या लेखात मांडतो आहे.

अर्थ : केस किती प्रकारचे

हिर्सुटस या लॅटिन विशेषणाचा अर्थ केसाळ, खरखरीत, राठ केसांनी भरलेला असा आहे. रोमन लेखक ते जनावराच्या अंगाला लावत, दाढीवाल्या माणसाला लावत आणि काटेरी झुडपालाही लावत. पुढे एखाद्या ओबडधोबड, अडाणी वाटणाऱ्या गोष्टीलाही ते लावले जाऊ लागले. आपण ‘राठ’ हा शब्द केसालाही वापरतो आणि स्वभावालाही, तसेच हे.

वनस्पतिशास्त्रज्ञांनी लॅटिन हीच आपली व्यवहाराची भाषा केली तेव्हा त्यांना केसांची फार बारीक वर्गवारी करावी लागली. अजिबात केस नसलेले ते ग्लाबर, म्हणजे तुळतुळीत. कोवळी, बारीक लव असेल तर प्युबेसेन्स. लोकरीसारखे दाट व गुंतलेले केस असतील तर टोमेंटोसस. लांब व मऊ असतील तर व्हिलोसस. ताठ, टोचणारे असतील तर हिस्पिडस. आणि लांबट, जरा भरड, हाताला जाणवणारे असतील तर हिर्सुटस. आपल्यालाही हे भेद नवे नाहीत. बाळाचे जावळ, मुलाच्या ओठावरची मिसरूड, गालावरची लव, मेंढीची लोकर, ज्वारीच्या कणसावरचे कुसळ, खाजकुयलीच्या शेंगेवरची कूस या सगळ्यांना आपण ‘केस’ म्हणत नाही. प्रत्येकाचा शब्द वेगळा. ज्या भाषेत माणसे वनस्पती आणि जनावरे यांच्यात राहतात, त्या भाषेत केसांनाही जाती असतात.

आज हा शब्द दवाखान्यातही भेटतो. बाईच्या चेहऱ्यावर संप्रेरकांच्या बिघाडाने राठ केस येऊ लागले की डॉक्टर कागदावर ‘हिर्सुटिझम’ लिहितात. म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर आणि बियाण्याच्या कागदावर एकच शब्द आहे, हे त्या घरातल्या कोणालाच माहीत नसते.

कुळ : अंगावर काटा

हिर्सुटसचा सख्खा भाऊ म्हणजे हिर्टस. अर्थ तोच, केसाळ. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, अंगणात, फरशीच्या फटीत उगवणारी आणि तोडली की पांढरा चीक देणारी दुधी हिचे शास्त्रीय नाव युफोर्बिया हिर्टा. तिच्या खोडावर बोट फिरवून पाहा, नाव पटेल.

या दोन्ही शब्दांचे नाते कोशकार ‘होर्रेरे’ या लॅटिन क्रियापदाशी जोडतात. होर्रेरे म्हणजे केस ताठ उभे राहणे, शहारणे आणि त्यावरून थरकाप होणे. इंग्रजीतला ‘हॉरर’ याच क्रियापदाचा. भयपटाला आपण हॉरर सिनेमा म्हणतो तेव्हा मुळात ‘अंगावर काटा आणणारा’ असेच म्हणत असतो.

आता गंमत अशी की, हे होर्रेरे आपल्या घरातलेच आहे. संस्कृतातला ‘हृष्’ हा धातू आणि लॅटिन होर्रेरे ही एकाच मुळाची दोन रोपे आहेत. हृष् चा मूळ अर्थ केस उभे राहणे असाच आहे. ‘रोमहर्ष’ या शब्दात तो अजून जपलेला आहे. पुराणे सांगणाऱ्या सूताचे नावच रोमहर्षण किंवा लोमहर्षण, ज्याच्या वाणीने ऐकणाऱ्याच्या अंगावर रोमांच येतात तो. पुढे आपल्याकडे हा धातू आनंदाकडे वळला आणि ‘हर्ष’ झाला. रोमनांकडे भीतीकडे वळला आणि ‘हॉरर’ झाला. केस दोन्हीकडे उभेच राहिले.

भगवद्गीतेत ही दोन्ही वळणे एकाच ग्रंथात दिसतात. पहिल्या अध्यायात अर्जुन आपल्याला रोमहर्ष होत असल्याचे सांगतो, तेव्हा तो भ्यायलेला, हातपाय गळालेला आहे. शेवटच्या अध्यायात संजय त्याच धातूचे रूप वापरतो, तेव्हा तो आनंदाने मोहरून गेलेला आहे. अर्जुनाचा अर्थ लॅटिनच्या बाजूचा आणि संजयाचा अर्थ मराठीच्या बाजूचा, असे मी माझ्यापुरते लक्षात ठेवले आहे.

शब्दाच्या उत्तरार्धाकडे पाहू. लॅटिनमध्ये ‘उटस’ हा प्रत्यय ‘एखादी गोष्ट अंगी असलेला, बहुधा जरा जास्तच असलेला’ असा अर्थ देतो. कोर्नु म्हणजे शिंग, कोर्नुटस म्हणजे शिंगांचा. नासुस म्हणजे नाक, नासुटस म्हणजे नाकाड्या. आपण ‘आळ’ लावून केसाळ, रसाळ, मधाळ करतो, तीच ही रीत. नासुस आणि नासिका हे शब्द एकाच घरातले आहेत, हे तर वेगळे सांगायला नको.

व्याकरण : काळा, काळी, काळे

आता शेवटच्या ‘अम’ कडे वळतो. मराठी वाचकाला हा भाग सर्वांत सोपा जाईल आणि हिंदी किंवा इंग्रजी वाचकाला सर्वांत अवघड, हे आधीच सांगून ठेवतो.

लॅटिनमध्ये तीन लिंगे आहेत : पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग. विशेषण आपल्या नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. हिर्सुटस, हिर्सुटा, हिर्सुटम. मराठीत आपण काळा घोडा, काळी गाय, काळे वासरू म्हणतो, अगदी तसेच. हिंदीने नपुंसकलिंग टाकून दिले, बंगालीने तर लिंगभेदच सोडला. मराठी, कोकणी आणि गुजराती या भाषांनी तिसरे लिंग सांभाळले. त्यामुळे ‘ते का’ हा प्रश्न लॅटिन शिकणाऱ्या मराठी माणसाला पडत नाही. झाड ‘ते’ का आणि वेल ‘तो’ किंवा ‘ती’ का, याचे कारण आपणही कधी विचारलेले नाही.

दिवाळी अंक हातात आहे म्हणून दिवाळीचेच उदाहरण घेतो. ‘बोनस’ हे लॅटिन विशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘चांगला’. बोनस, बोना, बोनम म्हणजे चांगला, चांगली, चांगले. पगारावर मिळालेली जादा रक्कम ही ‘चांगली गोष्ट’, तेव्हा व्याकरणाने ती बोनम व्हायला हवी होती. पण लंडनच्या पेढ्यांमधल्या लोकांनी पुल्लिंगी रूप उचलले आणि तेच जगभर गेले. आपल्या कारखान्यांत दर आश्विनात ज्यासाठी घोषणा होतात, ते एक लिंग चुकलेले लॅटिन विशेषण आहे.

नपुंसकलिंगाचा ‘अम’ आणि संस्कृतचा ‘अम्’ हे एकच. दानम् आणि डोनम, युगम् आणि युगुम हे शब्द शेजारी ठेवले की वेगळा पुरावा लागत नाही. हाच ‘म्’ मराठीत आला तो नाकात गेला. जुन्या पुस्तकांत ‘चांगलें’, ‘काळें’, ‘केळें’ असे अनुस्वार देऊन छापलेले दिसते. तो अनुस्वार म्हणजे त्या ‘म्’ ची उरलेली खूण. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले आणि ती खूण छापील मराठीतून गेली. तळकोकणात आणि गोव्यात ती बोलण्यात अजून ऐकू येते. हिर्सुटममधला ‘म’ हा त्या अनुस्वाराचा दूरचा चुलता आहे.

आणखी एक जुळणी पाहण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये ‘बोना’ हे स्त्रीलिंगी एकवचनही आहे आणि नपुंसकलिंगी अनेकवचनही. मराठीत ‘चांगली बाई’ आणि ‘चांगली झाडे’ यांतले विशेषण एकच दिसते. दोन्ही भाषा आपापल्या वाटेने तेथे पोहोचल्या, पण पोहोचल्या खऱ्या.

वनस्पतींच्या नावांत हा नियम आजही कायद्यासारखा पाळला जातो. आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार दुसरा शब्द विशेषण असेल तर त्याचे लिंग प्रजातीनामाप्रमाणेच असले पाहिजे. हिर्सुटसची तिन्ही रूपे महाराष्ट्रातच दाखवता येतात. बांधावर चढणारी वासनवेल, जिच्या पानांचा रस पाण्यात कालवला की पाणी खिरीसारखे गोठते, तिचे नाव कॉक्युलस हिर्सुटस. साताऱ्याच्या कास पठारावर पावसाळ्याच्या शेवटी फुलणारा पिवळा कवला, ज्याच्या फुलाला पर्यटक मिकी माऊस म्हणतात, त्याचे नाव स्मिथिया हिर्सुटा. आणि आपला कापूस गॉसिपियम हिर्सुटम. तो, ती, ते.

वासनवेलीची कथा तर व्याकरणाच्या धड्यात घालावी अशी आहे. लिनियसने १७५३ साली तिला मेनिस्पर्मम या प्रजातीत घातले होते. मेनिस्पर्मम नपुंसकलिंगी, म्हणून तेव्हा ती हिर्सुटम होती. पुढच्या शास्त्रज्ञांनी तिला कॉक्युलस या पुल्लिंगी प्रजातीत हलवले, तशी ती हिर्सुटस झाली. वेल तीच, केस तेच. घर बदलले म्हणून शेवटचे अक्षर बदलले. लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलावे तसे.

झाडांच्या बाबतीत रोमनांची एक खास समजूत होती : झाड ही ‘ती’. म्हणून शब्दाच्या शेवटी ‘अस’ असूनही पिंपळ फायकस रिलिजिओसा आहे, रिलिजिओसस नाही. चिंच टॅमरिंडस इंडिका आहे. जालन्याची मोसंबी ज्या सिट्रस प्रजातीतली, तीही स्त्रीलिंगीच. कापसाच्या प्रजातीचे नाव मात्र ‘इयम’ वर संपणारे, म्हणून नपुंसकलिंगी. त्यामुळे लागवडीखालच्या चारही कापसांची विशेषणे नपुंसकलिंगीच झाली. आर्बोरियम म्हणजे झाडासारखे. हर्बेसियम म्हणजे गवताळ, झुडपासारखे. बार्बाडेन्स म्हणजे बार्बाडोस बेटाचे. आणि हिर्सुटम म्हणजे केसाळ. पहिले दोन जुन्या जगाचे, आपले देशी. त्यांच्या पेशीत २६ गुणसूत्रे. शेवटचे दोन अमेरिका खंडातले. त्यांच्या पेशीत ५२.

नाव कोणी ठेवले

गॉसिपियम हा शब्द प्लिनी या रोमन लेखकाकडून आला. त्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात निसर्गाचा जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्याच्या एकोणिसाव्या भागात वरच्या इजिप्तमध्ये होणाऱ्या एका झुडपाची हकीकत आहे. त्याला काही लोक गॉसिपियॉन म्हणतात, त्याचे फळ दाढी असलेल्या कवचाच्या फळासारखे दिसते आणि आतल्या मऊ तंतूंचे सूत काढतात, असे त्याने सांगितले आहे. म्हणजे कापसाला पहिल्यांदा लॅटिनमध्ये आणतानाही लेखकाला दाढीच आठवली.

प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावला. त्याच उद्रेकात पाँपेई शहर राखेखाली गाडले गेले. त्या राखेतून १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी जवळचे साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती आपल्या जिल्ह्यात, भोकरदनच्या उत्खननात सापडली. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या लेखांत या गावच्या दात्यांचा उल्लेख आहे. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी १९७३ च्या सुमारास शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन समृद्ध नगराचे अवशेष हाती लागले. ज्या शतकात प्लिनी कापसाविषयी लिहीत होता, त्याच शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात तेर येथून गाड्यांनी भडोचला जाणाऱ्या कापडाची नोंद आहे. म्हणजे लॅटिन आणि आपला मुलूख यांची ओळख बियाण्याच्या पिशवीने करून दिलेली नाही. ती दोन हजार वर्षांची आहे.

शब्दांतही ती दिसते. संस्कृत ‘कर्पास’, ज्याचा आपला ‘कापूस’ झाला, तो ग्रीकमधून लॅटिनमध्ये ‘कार्बासुस’ होऊन पोहोचला. रोमन कवी जहाजाच्या शिडाला आणि तलम वस्त्राला कार्बासुस म्हणत. त्यावरून त्यांनी विशेषणेही केली : कार्बासेउस आणि कार्बासिनुस, म्हणजे ‘कर्पासाचे’. आपल्या कापसापासून झालेले लॅटिन विशेषण अस्तित्वात होते. पण प्रजातीचे नाव ठरवण्याची वेळ आली तेव्हा प्लिनीचा गॉसिपियॉन पुढे झाला आणि कर्पास मागे राहिला.

ही वेळ अठराव्या शतकात आली. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ मध्ये आपल्या ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात वनस्पतींना दोन शब्दांची नावे दिली. त्यात आर्बोरियम, हर्बेसियम आणि बार्बाडेन्स होते. हिर्सुटम आले ते याच ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, १७६३ साली. लिनियस भारतात कधी आला नाही, अमेरिकेतही गेला नाही. वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने, बागेत लावलेली रोपे आणि इतरांची वर्णने यांवर त्याचे काम चाले. अशा माणसाला जे डोळ्यांना दिसते आणि बोटांना लागते तेच नोंदवता येते. या जातीचे कोवळे शेंडे, पानांचे देठ आणि पाने यांवरची लव त्याच्या नजरेत भरली आणि विशेषण ठरले.

केस कशासाठी

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की शब्दांची ही मौज ठीक आहे, पण पऱ्हाटीला त्याचा काय उपयोग? तेच आता सांगतो.

कपाशीवर येणारा तुडतुडा आपल्या सर्वांना माहीत आहे. पाचरीच्या आकाराचा, हिरवट, तिरका चालणारा. त्याची मादी पानाच्या खालच्या बाजूला शिरेत अंडी घालते. पिल्ले तेथेच बसून रस शोषतात. पानाच्या कडा आधी पिवळ्या होतात, मग लाल, मग पान द्रोणासारखे वळते. आता ज्या पानाच्या खालच्या बाजूला लांब आणि दाट केस आहेत, तेथे तुडतुड्याला ना नीट बसता येते, ना शिरेपर्यंत सोंड किंवा अंडी घालण्याचा अवयव पोहोचवता येतो. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टन येथील केंद्रात १९२० च्या दशकात पार्नेल या शास्त्रज्ञाने तुडतुड्याला न जुमानणारा कापूस निवडून काढला, तो केसाळच होता. त्यानंतर भारतासह अनेक देशांत कापूस पैदासकारांनी अमेरिकन कापसात पानांवरची लव मुद्दाम पाहिली आणि जपली. जे विशेषण लिनियसने ओळख पटावी म्हणून दिले, ते शेतात चिलखत ठरले.

चिलखताला किंमतही असते. पांढऱ्या माशीला लवदार पान आवडते. बोंडअळीचा पतंगही गुळगुळीत पानापेक्षा केसाळ पानावर अंडी जास्त घालतो. वाळलेल्या केसाळ पानाचा चुरा वेचणीच्या वेळी कापसाला चिकटतो आणि जिनिंगमध्ये कचऱ्याची कपात लागते. म्हणून किती केस, किती लांब आणि कोठे, हा हिशेब पैदासकाराला नेमका ठेवावा लागतो. वर सांगितलेले ग्लाबर, प्युबेसेन्स, हिर्सुटस हे भेद त्याला याच कामासाठी लागतात.

आणि ज्यासाठी आपण हे पीक घेतो तो कापूस तरी काय आहे? तोही केसच. बियाच्या सालीवरची एक-एक पेशी लांबत जाते आणि तिचा तंतू होतो. लांब केस म्हणजे रुई, आणि रुई काढल्यावर सरकीला चिकटून राहणारी आखूड लव ती वेगळी. पूर्वी पेरणीच्या आधी सरकी शेण-मातीत चोळत, कारण लवेमुळे बिया एकमेकींना चिकटत आणि टोबताना सुट्या पडत नसत. आता कारखान्यात आम्लाने ती लव जाळून टाकतात आणि बी गुळगुळीत, रंगीत, औषध चोळलेले होऊन पिशवीत येते. ‘केसाळ’ नावाचे बी आपल्या हातात टक्कल करून येते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

जालना आणि हिर्सुटम

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण निजामाच्या काळात येथील बाजारपेठेमुळे रूढ झाली. तेव्हा मराठवाड्यात कापूस होता तो मुख्यतः गावराणी, म्हणजे आर्बोरियम. मुळे खोल, पावसाची ओढ सोसणारा, तुडतुड्याला दाद न देणारा. त्याचा धागा आखूड, आणि गिरण्यांना लांब धागा हवा होता. तेथेच तो मागे पडू लागला.

१९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. त्यांची सुरुवात ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या बियाण्यापासून झाली होती. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कापसात मोठे वळण १९७० मध्ये आले : सुरतला चं. त्रि. पटेल यांनी एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला, आणि त्याचे आई-बाप दोघेही हिर्सुटम होते. १९८० च्या दशकात नांदेडच्या संशोधन केंद्रातून एनएचएच-४४ हा संकर आला, तोही हिर्सुटमचा, आणि मराठवाडाभर पसरला. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने महिकोच्या तीन बीटी संकरांना परवानगी दिली. बीटी जनुक हिर्सुटममध्ये घातलेले होते. त्यानंतर काही वर्षांत देशी कापूस आपल्या शिवारांतून जवळजवळ दिसेनासा झाला. आर्बोरियम हे विशेषण पुस्तकात राहिले आणि हिर्सुटम शेतात.

बीटी जनुक अळीवर चालते, रस शोषणाऱ्या किडींवर चालत नाही. हे दुकानदाराला माहीत असते, कंपनीला माहीत असते आणि आता शेतकऱ्यालाही माहीत आहे. रसशोषक किडींसाठी बियाण्यालाच कीटकनाशक चोळून देण्याची पद्धत पडली. त्यामुळे पहिले काही आठवडे पीक स्वच्छ राही आणि पानावर लव आहे की नाही, हा प्रश्न मागे पडला. बाजारात शेकडो नावांचे संकर आले. पिशवीवर बोंडाचा आकार, फुटीचा पांढरेपणा, एकरी उतारा यांची चित्रे आली. लव किती, याचे चित्र मी कोणत्याही पिशवीवर पाहिलेले नाही. आणि पुढे तुडतुडे त्या औषधाला सरावले, तेव्हा पाठीवर पंप आला.

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. त्याच हंगामात शेंदरी बोंडअळीने बीटीला न जुमानता राज्यभर नुकसान केले. या मृत्यूंची कारणे अनेक आहेत : औषधांची सरमिसळ, डोक्यावर गेलेली पऱ्हाटी, तोंडाला फडके नसणे, वाऱ्याची दिशा. एका विशेषणाने ती सगळी उलगडतील असा माझा दावा नाही. पण ज्या पिकाच्या नावातच त्याचे संरक्षण सांगितलेले आहे, त्या पिकाचा वाण निवडताना तो गुण विचारला जात नाही, एवढे मात्र मला नोंदवावेसे वाटते. केस कमी असले की फवारणी वाढते, आणि प्रत्येक वाढीव फवारणीमागे पंप घेतलेले एक माणूस असते.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने महबूब बाग येथील केंद्रात देशी आर्बोरियमचे लांब धाग्याचे वाण तयार केले आहेत. म्हणजे गावराणी मागे पडण्याचे जे मूळ कारण होते, त्यावर आपल्याच विभागात काम झालेले आहे. ज्यांच्याकडे हलकी, कोरडवाहू जमीन आहे, त्यांनी ते एकदा पाहावेत, असे मी ओळखीच्यांना सांगत असतो.

एक सूचना करून थांबतो. कृषी विद्यालयांच्या पुस्तकांत पिकांची लॅटिन नावे असतात, त्यांच्या पुढे एका शब्दात मराठी अर्थ छापायला काय हरकत आहे? हरभऱ्यापुढे सायसर अरायटिनम, ‘एडक्याच्या डोक्यासारखा’. एकदा हे वाचले की दाण्याची ती चोच आणि ते गाल कोणी विसरणार नाही. भेंडीपुढे एस्क्युलेंटस, ‘खाण्याजोगा’. कापसापुढे हिर्सुटम, ‘लवदार’. मुले नाव पाठ करण्याऐवजी पान उलटून पाहतील. आणि मृगाच्या तोंडावर मोंढ्यात पिशवी मागणारा बाप दुकानदाराला विचारू शकेल, ‘भाऊ, ह्या वाणाच्या पानाला लव कशी आहे?’